वाचकांचे प्रश्न : ड्राकेन्सबर्गची भिंत, लेसोथोचे घाट आणि कॅमेरा

दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांत गाडीने फिरून निसर्गछायाचित्रं काढायचा बेत करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा रोख ड्राकेन्सबर्गची डोंगररांग आणि तिच्या पाठीला टेकलेल्या लेसोथो या छोट्या देशावर आहे, म्हणून उत्तरंही तिथलीच.

प्रश्न : आमच्याकडे दहा दिवस आहेत. जोहान्सबर्गला उतरून ड्राकेन्सबर्ग, लेसोथो, मग गार्डन रूट (दक्षिण किनाऱ्याचा रस्ता) आणि शेवटी केप टाउनचा टेबल माउंटन असं ठरवलंय. जमेल ना?

गाडी पोचेल, फोटो मिळणार नाहीत. जोहान्सबर्ग ते केप टाउन थेट गेलात तरी सुमारे १४०० किलोमीटर पडतात. डोंगराचा उजेड पहाटे आणि संध्याकाळी असतो, आणि या बेतात तुमची प्रत्येक पहाट सामान भरण्यात आणि प्रत्येक संध्याकाळ मुक्काम शोधण्यात जाईल. गार्डन रूट आणि केप टाउन सरळ कापून टाका.

एवढं करूनही एका जागी बहुतेकांचा हिशेब चुकतो. ड्राकेन्सबर्ग ही लांबलचक भिंत आहे आणि तिच्या पायथ्याला धरून जाणारा सलग रस्ता नाही. एकेक खोरं हाताच्या बोटासारखं आत गेलेलं. एका बोटातून दुसऱ्यात जायचं तर तळहातापर्यंत मागे यावं लागतं. उत्तरेकडचं रॉयल नटाल उद्यान आणि दक्षिणेकडची, लेसोथोत चढणारी सानी खिंड यांच्यात सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर अंतर आहे. गाडीने मात्र बर्गव्हिलला बाहेर पडून, एन-३ महामार्गाने हॉविकपर्यंत जाऊन, आर-६१७ ने अंडरबर्गला यायचं म्हटलं की अडीचशेच्या वर जातं. त्यात ट्रक आणि खड्डे आहेतच. पाच तास धरा.

दहा दिवसांत निवांत बसणारी फेरी अशी : पहिली रात्र जोहान्सबर्गलाच काढा. रात्रभर विमानात जागून आलेल्या माणसाने लगेच चार-पाच तास गाडी हाकू नये. दुसऱ्या दिवशी एन-३ ने हॅरिस्मिथ (सुमारे २७० किलोमीटर), तिथून फुथाडिटझाबामार्गे विटसीसहूक, दोन रात्री. मग ओलिव्हियर्सहूक घाट उतरून रॉयल नटाल, तीन रात्री. नंतर अंडरबर्ग किंवा हिमव्हिल एक रात्र, सानी खिंडीच्या माथ्यावर एक रात्र, लेसोथो आडवा पार करून क्लॅरेन्सला एक रात्र, आणि शेवटच्या दिवशी जोहान्सबर्ग. क्लॅरेन्सहून गोल्डन गेट राष्ट्रीय उद्यान अगदी जवळ आहे. तिथले पिवळे वालुकाश्माचे कडे काळ्या भिंतीनंतर डोळ्यांना वेगळेच वाटतात.

रॉयल नटालच्या तीन रात्रींतली एक कमी करून कॅथीड्रल पीकचं खोरं घुसवायचा मोह होईल. घुसवू नका. तीन पहाटांपैकी एक ढगात जाणार हे गृहीत धरूनच त्या तीन ठेवल्या आहेत.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं? संकेतस्थळांवर सगळे 'वर्षभर सुंदर' म्हणतात.

एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे. पाऊस आटोपलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं आणि ओढ्यांना अजून पाणी असतं. चारही गोष्टी एकदम मिळणारा हा एवढाच काळ. मात्र ईस्टरच्या सुट्ट्या टाळा, उद्यानांतले मुक्काम तेव्हा भरलेले असतात.

जून-जुलै कोरडे आणि कडाक्याच्या थंडीचे. लेसोथोच्या पठारावर रात्री पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली जातो. बर्फ पडतो, पण तारखेनिशी मिळत नाही. एक खूण ध्यानात ठेवा : भर हिवाळ्यात पठारावरून खाली अचानक गरम, कोरडा वारा सुटला (तिकडे त्याला 'बर्ग विंड' म्हणतात) की पाठोपाठ बहुधा थंडीची लाट येते. हा वारा सुटलेल्या दिवशी लोक खुशीत शर्टाच्या बाह्या वर करतात, आणि दुसऱ्या दिवशी घाट बंद होतो.

हिवाळ्यात वणवा अडवायला गवताचे पट्टे मुद्दाम जाळतात. त्यामुळे सोनेरी उतारावर काळे पट्टे दिसतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत धुराने दूरच्या रांगा करड्या होतात. उन्हाळा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, हिरवागार आणि नाट्यमय असतो. दुपारनंतर गडगडाट ठरलेला, पण कधीकधी सलग दोन-तीन दिवस भिंतच दिसत नाही.

प्रश्न : रॉयल नटालमधल्या अँफिथिएटर या भिंतीसारख्या कड्यावर तांबडा उजेड पडलेला फोटो हवा आहे. सूर्यास्ताला कुठे उभं राहायचं?

सूर्यास्ताला तो फोटो होत नाही, कारण भिंतीचं तोंड ढोबळमानाने ईशान्येला आहे. दुपार उलटली की सूर्य भिंतीच्या मागे लेसोथोच्या बाजूला जातो आणि कडा निळसर, सपाट सावलीत बुडतो. संध्याकाळी तिथे काढायच्या त्या एकामागे एक उतरत गेलेल्या डोंगरकडांच्या आकृत्या, त्याही लांब पल्ल्याच्या लेन्सने. तांबडा कडा सकाळचा.

इथे दिशांची सवय बदलावी लागते. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि आकाशात उजवीकडून डावीकडे सरकतो. उगवतीची जागाही ऋतूप्रमाणे बरीच हलते : जूनच्या अखेरीस दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) ६३ अंश, म्हणजे ईशान्येकडे झुकलेला, आणि डिसेंबरात ११७ अंश, म्हणजे आग्नेयेकडे. जूनमध्ये कोवळं ऊन भिंतीवर समोरून पडतं. डिसेंबरात ते बाजूने येतं आणि पूर्वेकडचे बुरूज स्वतःचीच सावली पाडतात. म्हणजे तांबड्या भिंतीसाठी हिवाळ्याची बाजू सरस.

होकायंत्र वापरणार असाल तर आणखी एक. या भागात चुंबकीय सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे २५ अंश पश्चिमेला वळलेली असते. फोनमध्ये 'खरी उत्तर' निवडलेली नसेल तर सूर्य तुम्ही ठरवलेल्या शिखराऐवजी शेजारच्या टेकडीमागून उगवेल.

वेळांचं गणितही बघा. रॉयल नटाल उद्यानाचं दार ऑक्टोबर ते मार्च पहाटे ५ ला आणि एप्रिल ते सप्टेंबर ६ ला उघडतं. जूनमध्ये सूर्योदय ६.५० च्या आसपास, तेव्हा बाहेर राहूनही कसंबसं जमतं. डिसेंबरात सूर्य पाचलाच वर येतो, दारातून आत पोचेपर्यंत खेळ संपलेला. म्हणून मुक्काम दाराच्या आतल्या थेंडेले कॅम्पमध्येच घ्या आणि तो कित्येक महिने आधी राखून ठेवा.

उजेड वरून खाली उतरतो. आधी माथ्याची कड पेटते, मग रंग घसरत येतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत तांबड्याचा पिवळा होतो. तोवर खालचं खोरं काळोखातच असतं, फरक तीन-चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा भाग गडद, खालचा पारदर्शक) लावणारे इथे हमखास फसतात : फिल्टरची कड क्षितिजावर, म्हणजे माथ्याच्या रेषेवर ठेवतात. ती ठेवायची खोऱ्यातल्या सावलीच्या वरच्या काठावर, आणि ऊन खाली येईल तसतशी खाली सरकवायची. अँफिथिएटरचा माथा आडवा, सपाट असल्यामुळे तिथे हा फिल्टर छान चालतो. कॅथीड्रल पीककडची रांग करवतीसारखी आहे. तिथे फिल्टर खिशात ठेवून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फ्रेम घ्या.

कडा बेसॉल्टचा आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा काळा दगड, फक्त वयाने बराच थोरला : सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, हा अठरा कोटींचा. सह्याद्रीत फोटो काढणाऱ्यांना याचा स्वभाव माहीत असतो. कॅमेऱ्याचा मीटर काळा दगड बघून फोटो उजळ करतो आणि वरच्या तांबड्या कडेचा रंग जळतो. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, लाल रकाना वेगळा बघा. तो उजव्या काठाला टेकला की दोन-तृतीयांश स्टॉप खाली या.

प्रश्न : मुद्दाम १६–३५ ची लेन्स घेतली, पण इतरांच्या फोटोंत भव्य दिसणारी ही भिंत त्या लेन्सने कुंपणाएवढी दिसते असं ऐकलं. खरं आहे का?

अगदी खरं, आणि ते कागदावर मांडता येतं. अँफिथिएटरची भिंत सुमारे ५ किलोमीटर रुंद आहे. तुम्ही ८ किलोमीटरवर उभे आहात असं धरा. भिंत ३५ अंशांत मावते. फुल फ्रेमवर १६ मिलिमीटरची लेन्स आडवी ९७ अंश बघते, म्हणजे भिंत चौकटीच्या पाव रुंदीहून थोडी जास्त. उंचीचं तर विचारूच नका : हजार मीटरचा कडा चौकटीच्या उंचीचा जेमतेम बारावा हिस्सा. उरलेलं सगळं आकाश आणि गवत. तीच भिंत ५० मिलिमीटरने पूर्ण मावते आणि उंचीचा पाव भाग व्यापते. म्हणजे या फोटोची लेन्स साधी ५० किंवा २४–७०.

त्याहून चांगलं म्हणजे कॅमेरा उभा धरून ७० किंवा ८५ मिलिमीटरने डावीकडून उजवीकडे सहा-आठ फ्रेम घ्यायच्या, प्रत्येकीत ३० ते ४० टक्के भाग आधीचा. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने पक्के करून. ढग भराभर सरकत असतील तर ज्या बाजूने ढग येतात तिकडून सुरुवात करू नका, उलट बाजूने करा, नाहीतर एकच ढग दोनदा जोडला जातो.

१६ मिलिमीटर फुकट गेली असं नाही. तुगेला नदीतले गोटे अर्ध्या मीटरवर घेऊन मागे भिंत ठेवायची असेल तर तीच लागते. फक्त भिंत तेव्हा पाहुणी असते, यजमान गोटे.

आकाश गडद करणाऱ्या पोलरायझर फिल्टरबद्दल एवढंच : ३००० मीटरवर आकाश आधीच गडद असतं. रुंद लेन्सवर पोलरायझर पूर्ण फिरवला तर आकाशाच्या मधोमध काळपट डाग पडतो आणि तो नंतर निघत नाही.

प्रश्न : सानी खिंडीसाठी फोर बाय फोर खरंच लागते की भाड्याच्या कंपन्या घाबरवतात? साध्या गाडीने लेसोथो होईल का?

सानी खिंड खालून चढायची तर लागतेच. दक्षिण आफ्रिकेच्या चौकीवर साधी गाडी परत पाठवतात, तिथे हुज्जत चालत नाही. खालची चौकी आणि माथ्यावरची लेसोथोची चौकी यांच्यात आठेक किलोमीटर आहेत, पण शेवटची वळणं इतकी घट्ट आणि खडबडीत आहेत की वेळ तासाच्या आसपास धरावा. माथा २८७४ मीटर. चौक्या सकाळी ६ ते संध्याकाळी ६ उघड्या.

या वेळांमुळेच एका दिवसाच्या जीप सफरी फोटोसाठी कामाच्या नाहीत. त्या साडेदहा-अकराला माथ्यावर पोचवतात आणि दुपारी खाली आणतात. वळणावळणाचा रस्ता वरून बघायचा तर तो पूर्वेकडे उतरतो, त्याच्यावर सकाळचं ऊन पडतं आणि दुपारी तो सावलीत जातो. माथ्यावर एक रात्र काढली तरच तो फोटो मिळतो.

चढताना नव्हे, उतरताना गाड्या बिघडतात. लो रेंज (फोर बाय फोरची संथ, जोरकस गिअरची जोडणी), पहिला गिअर, आणि पाय ब्रेकवरून काढलेला. सतत ब्रेक दाबून उतरलात तर अर्ध्या वाटेत जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. चढणाऱ्या गाडीला वाट द्या. हिवाळ्यात वरच्या वळणांवर, सावली असेल तिथे, पाणी गोठून काच होते. दहाच्या आधी निघू नका.

साध्या गाडीनेही लेसोथो होतं, उलट बाजूने. क्लॅरेन्स-फोरीसबर्गकडून कॅलेडन्सपूर्टची सीमा ओलांडा, बुथा-बुथेवरून मोटेंग खिंड (२८२० मीटर), पुढे माहलासेला (३२२२) आणि त्लाएंग (३२५१) असा डांबरी रस्ता मोखोटलाँगपर्यंत जातो आणि तिथून सानीच्या माथ्यापर्यंतही डांबर आहे. खाली उतरायचं नाही, आल्या वाटेने परत. मोटेंगचा चढ फार उभा आहे. लहान इंजिनाची गाडी पहिल्या गिअरवर कण्हत चढते आणि उतरताना तोच गिअर ठेवावा लागतो. बर्फ पडल्यावर हा बेत रद्द.

कागदांकडे या. भाड्याची गाडी लेसोथोत न्यायला कंपनीचं लेखी परवानगीपत्र लागतं. त्यावर गाडीचा नंबर आणि तुमचं नाव हवं, आणि ते बुकिंग करतानाच मागायचं. काउंटरवर ऐनवेळी मिळेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा असल्याचं तपासा, कारण लेसोथोत पाऊल टाकलं की तुम्ही देशाबाहेर गेलात आणि परत येणं म्हणजे नवा प्रवेश. लेसोथोच्या व्हिसाची चौकशी वेगळी करा. विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बहुधा धरलेला नसतो, आणि कच्च्या रस्त्यावर नेमकं हेच तीन जातं. ताब्यात घेताना जादा चाक पूर्ण आकाराचं आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे डिकी उघडून बघा. कच्च्या रस्त्यावर हवा १.८ बारपर्यंत उतरवा आणि डांबर लागलं की पुन्हा भरा.

लेसोथोचं चलन लोटी, त्याची किंमत रँडइतकीच, आणि रँड सगळीकडे चालतात. उलटं मात्र नाही, म्हणून सुटे परत घेताना रँड मागा. टाकी अंडरबर्गला पूर्ण भरा, पुढचा भरवशाचा पंप मोखोटलाँगला. गाडी डावीकडूनच चालवायची असते, त्यामुळे सवयीचा प्रश्न नाही. अंधार पडल्यावर मात्र चालवू नका. रस्त्यावर गुरं असतात, माणसं चालत असतात, आणि काळ्या गाईला टेललाइट नसतो.

प्रश्न : तुगेला धबधब्याच्या माथ्यावर जायचंय. ट्रायपॉड नेऊ का? आणि अख्खा धबधबा दिसतो का?

वरून अख्खा धबधबा दिसत नाही. ९४८ मीटर उंचीचा हा धबधबा पाच टप्प्यांत पडतो, आणि माथ्यावरून तुम्हाला फक्त पाण्याची कड ओलांडून नाहीशी होणारी धार दिसते. अख्खा हवा असेल तर रॉयल नटालमधून २०० मिलिमीटरने, तोही पावसाळ्यात किंवा लगेच नंतर. ऑगस्टमध्ये धार दोऱ्याएवढी उरते.

माथ्यावर जायचं ते पाण्यासाठी नाही, कड्याच्या कडेसाठी. सेंटिनेलच्या पार्किंगपासून जाऊन-येऊन १२ ते १४ किलोमीटर, कॅमेरा घेऊन सात-आठ तास. विटसीसहूकपासून पार्किंगपर्यंतचा शेवटचा तुकडा खराब आहे. गाडी खाली ठेवून लॉजची गाडी घ्यावी. निघताना नोंदवहीत नाव आणि परतायची वेळ लिहा, एकट्याने जाऊ नका आणि वाटेच्या सुरक्षिततेची त्या दिवशीची खबर लॉजवर विचारा.

वाटेत उभ्या कड्यावर साखळ्यांच्या शिड्या आहेत. ट्रायपॉड न्या, पण पाठपिशवीच्या बाजूला आडवा बांधून नाही. त्याचा पाय वरच्या पायरीत अडकतो, आणि तुम्ही वर चढायला जोर लावता तसा तो तुम्हाला मागे खेचतो. त्या जागी हात सोडवून ते काढता येत नाही. पाय आत दुमडून, उभा, पाठीच्या मधोमध, खालून-वरून दोन पट्ट्यांनी आवळा. गळ्यात लटकणारा कॅमेराही पिशवीत. वर वारा असतो. मधल्या दांड्याला पिशवी लटकवायची युक्ती तिथे उलटते, पिशवी हेलकावते आणि ट्रायपॉड थरथरतो. पिशवी जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा किंवा पाय आखूड करून दगडांत रोवा.

उन्हाळ्यात बारापर्यंत माथा सोडा. गडगडाट ऐकू आला तेव्हा लोखंडी शिडीवर असणं ही वाईट कल्पना आहे. धुकं दाटलं तर कड्यापासून आत सरका आणि थांबा.

प्रश्न : आकाशगंगा भिंतीच्या वर हवी आहे. अॅप म्हणतं जून सर्वोत्तम.

अॅप आकाशाबद्दल बरोबर आहे, फोटोबद्दल नाही. हा प्रदेश २९ अंश दक्षिणेला, आणि आकाशगंगेचा गाभाही खगोलावर तितकाच दक्षिणेला. म्हणून जूनमध्ये मध्यरात्री तो थेट डोक्यावर असतो. आकाश सुंदर, पण चौकटीत डोंगर घ्यायचा तर मान मोडते. भिंत नैऋत्येला आहे, म्हणजे गाभा मावळतीला हवा. ऑक्टोबरच्या मध्यात रात्री साडेआठ ते साडेनऊच्या सुमारास तो नैऋत्य-पश्चिमेला, क्षितिजापासून २५ ते ३५ अंशांवर येतो. अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस निवडा. ढगांचा जुगार मात्र त्या महिन्यात खेळावा लागतो. मे-जूनमध्येच जाणार असाल तर पहाटे सूर्योदयाच्या दोन तास आधी उठा, गाभा तेव्हा पश्चिमेकडे कललेला असतो.

१४ ते २० मिलिमीटर, एफ २.८, आयएसओ ३२०० ते ६४००, १५ ते २० सेकंद. त्याहून जास्त वेळ दिला तर तारे लांबट होतात. जमिनीचा भाग संधिप्रकाशातच घेऊन ठेवा आणि मग ट्रायपॉडला हात लावू नका. ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नेणार असाल तर दक्षिणेला ध्रुवतारा नाही हे लक्षात घ्या. सिग्मा ऑक्टंटिस हा अंधुक तारा शोधून जुळवावं लागतं आणि थंडीत बोटं बधिर झाल्यावर ते काम अर्धा तास खातं. लेन्सवर दव गोठतं, त्यासाठी हीटरचा पट्टा घ्या, आणि जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून.

थोडक्यात :

ड्रोन? घरी ठेवा. गोल्डन गेटसारख्या राष्ट्रीय उद्यानांत आणि ड्राकेन्सबर्गच्या संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उडवायला बंदी आहे.

घोंगडी पांघरलेले बसोथो (लेसोथोचे लोक) घोडेस्वार? आधी 'डुमेला' म्हणून नमस्कार करा, मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारा. नाही म्हटलं तर नाही. गाडीच्या काचेतून चोरून काढलेल्या फोटोंत माणूस पाठमोराच सापडतो.

चार्जिंग? तिथलं नेहमीचं सॉकेट आपल्या गिझरच्या जाड, गोल तीन पिनांचं. आपला जाड पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड नेलात तर एका सॉकेटवर सगळे चार्जर लागतात.